पासवर्ड घेतला, पुढे काळोख

ऑफिसातला कॉम्प्युटर सुरूच झाला नाही, तर माणूस निमूटपणे कोणाला तरी बोलावतो. पण कॉम्प्युटर सुरू होतो, पासवर्ड घेतो, ‘वेलकम’ म्हणतो आणि मग स्क्रीन काळीठिक्कर पडते, तेव्हा आजूबाजूच्या प्रत्येकाच्या अंगात इंजिनिअर संचारतो. कोणी पॉवरचं बटण दाबून धरतो, कोणी मागच्या वायरी हलवतो, कोणी ‘रॅम काढून खोडरबराने पुसा’ म्हणून सांगतो. या काळ्या स्क्रीनने स्वतःहून कोणाचं नुकसान केल्याचं मी क्वचितच पाहिलं आहे. तिच्यावर घाईने केलेल्या इलाजांनी मात्र अनेकांचं केलं. आमच्याच ऑफिसातलं एक उदाहरण सांगतो.

मी एका सीएंच्या ऑफिसात अकाउंट्स बघतो. छोट्या ऑफिसात ज्याला चार बटणं जास्त कळतात तो आपोआप ‘कॉम्प्युटरवाला’ होतो, तसा मीही झालो. गोष्ट २० तारखेची. त्या दिवशी मासिक जीएसटीआर-३बी भरण्याची मुदत संपते. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये लेट फी, थकलेल्या करावर १८ टक्क्यांनी व्याज, आणि वर पार्टीची बोलणी. मी सकाळपासून बाहेर ऑडिटला गेलो होतो. आमच्या ज्येष्ठ मॅडम कामाच्या धसक्याने सगळ्यांच्या आधी ऑफिसात आल्या.

आदल्या रात्री लाइट गेली होती. आतल्या खोलीत आमचा नेटवर्क स्टोरेजचा डबा आहे. टॅलीचा डेटा आणि पार्ट्यांची सगळी फोल्डरं त्यात असतात. तो रात्री बंद पडला आणि लाइट आल्यावर आपण होऊन सुरू झाला नाही. मॅडमना हे माहीत असायचं काही कारण नव्हतं. त्यांनी पासवर्ड टाकला, वेलकम आलं आणि स्क्रीन काळी. मधोमध फक्त माउसचा पांढरा बाण.

त्यांनी थोडी वाट पाहिली, मग पॉवरचं बटण दाबून धरलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. पुन्हा बटण. दरम्यान ऑफिसबॉय आला. पाणी भरता भरता त्याने आतल्या खोलीतला डबा नेहमीप्रमाणे लावला आणि कोणाला काही न सांगता खाली चहा आणायला गेला. त्यानंतरच्या खेपेला डेस्कटॉप झटकन आला. साहजिकच सगळ्यांनी निष्कर्ष काढला की बटण दाबल्यामुळे आला. तो समज आजही काहींच्या डोक्यातून गेलेला नाही.

पण आलेला डेस्कटॉप ओका होता. मॅडमच्या एक्सेल फाइली, पीडीएफ, नातीचा वॉलपेपर, काहीच नाही. कोपऱ्यात क्षणभर एक सूचना चमकून गेली, ती कोणी वाचली नाही. मॅडमनी हार्डवेअरच्या दुकानात फोन लावला. तिथला मुलगा स्क्रीनचा फोटो बघून म्हणाला, “मॅडम, प्रोफाइल उडालंय. विंडोज मारून देतो, अर्ध्या तासाचं काम.”

“अरे, आज वीस तारीख आहे! आज हात लावायचा नाही. संध्याकाळी ये.”

“मग चालू आहे तर काम करून घ्या. जुन्या फाइली संध्याकाळी काढून देतो.”

मॅडम कामाला लागल्या. एका मोठ्या पार्टीचं खरेदीचं रजिस्टर आणि जीएसटीआर-२बी यांचं मॅचिंग त्यांनी दिवसभर बसून केलं आणि सवयीप्रमाणे फाइल डेस्कटॉपवर सेव्ह केली. संध्याकाळी तो मुलगा आला. मीही तेवढ्यात पोचलो होतो. मी जिन्यातून वर येईपर्यंत त्याने ‘जरा रीस्टार्ट करून बघू’ म्हणून कॉम्प्युटर रीस्टार्ट केला होता. स्क्रीनवर मॅडमचा जुना डेस्कटॉप जसाच्या तसा हजर. वॉलपेपरवरची नातसुद्धा परत आलेली. सगळे खूश. मग मॅडमनी विचारलं, “आणि आजचं मॅचिंग कुठंय?”

ते गेलं होतं. ज्या फाइली उडाल्या असं वाटत होतं त्या सुखरूप होत्या आणि जी डोळ्यांसमोर सेव्ह केली होती तीच नाहीशी झाली. डिस्क एसएसडी होती. तीत पुसलेलं सहसा परत मिळत नाही, आणि आम्हालाही मिळालं नाही. आम्ही दोघा-तिघांनी मिळून ते मॅचिंग पुन्हा केलं आणि रिटर्न रात्री बाराच्या आत गेलं.

नेमकं काय झालं होतं

विंडोजमध्ये पासवर्ड तपासणं आणि डेस्कटॉप मांडणं ही दोन वेगळी कामं आहेत. पासवर्ड बरोबर आला की आपलं प्रोफाइल, म्हणजे आपल्या सेटिंग्ज आणि फोल्डरं, उघडलं जातं. त्यानंतर एक्सप्लोरर नावाचा प्रोग्राम सुरू होतो. खालची पट्टी, स्टार्टचं बटण, चिन्हं हे सगळं तो दाखवतो. तो येईपर्यंत स्क्रीनवर दाखवायला काही नसतं. नाट्यगृहात लाइट आहे, नट रंगून तयार आहेत, फक्त पडदा ओढणारा माणूस अजून पोचलेला नाही, असा हा प्रकार.

आमच्याकडे तो का पोचला नव्हता? लॉगिन होतानाच त्या डब्याचा झेड ड्राइव्ह जोडला जावा म्हणून आधीच्या कोणा वेंडरने एक छोटी स्क्रिप्ट लावून ठेवली होती, आणि ती पूर्ण होईपर्यंत डेस्कटॉप दाखवायचा नाही अशी सेटिंगही केली होती. डबा बंद, त्यामुळे स्क्रिप्ट उत्तराची वाट बघत बसली आणि तिच्यासाठी डेस्कटॉप अडला. अशा लॉगिन स्क्रिप्टसाठी विंडोज मूळ सेटिंगप्रमाणे जास्तीत जास्त ६०० सेकंद थांबते. दहा मिनिटं कळ काढली असती, तर डेस्कटॉप आपसूक आला असता.

बटण दाबून धरल्यामुळे मात्र प्रोफाइल उघडत असतानाच वीज तुटली. पुढच्या खेपेला विंडोजला ते प्रोफाइल नीट उघडता आलं नाही, म्हणून तिने तात्पुरतं, कोरं प्रोफाइल दिलं. कोपऱ्यात चमकलेली सूचना तीच होती. तात्पुरत्या प्रोफाइलचा नियम क्रूर आहे: साइन आउट केलं की त्यात ठेवलेलं सगळं पुसलं जातं. मॅडमच्या मूळ फाइली सी ड्राइव्हवर यूजर्स या फोल्डरात त्यांच्या नावाखाली दिवसभर पडून होत्या. कोणी तिथे डोकावलंच नाही.

आधी तीन प्रश्न

तेव्हापासून आमच्याकडे कोणी ‘स्क्रीन काळी झाली’ म्हणून फोन केला, की मी काही करायला सांगण्याआधी विचारतो.

पहिला प्रश्न: काळी कधी झाली? पासवर्ड टाकायची जागा दिसली होती का? दिसली असेल, तर वीज, रॅम, डिस्क, मॉनिटरची केबल हे सगळं निदान तिथपर्यंत काम करत होतं. मग कॅबिनेट उघडण्यात आणि रॅमला खोडरबर लावण्यात अर्थ नाही.

दुसरा: माउसचा बाण दिसतो का, हलतो का? तिसरा: कॅप्स लॉक दाबल्यावर कीबोर्डवरचा दिवा लागतो-विझतो का? लागत-विझत असेल तर मशीन जागं आहे. दिवाही लागत-विझत नसेल आणि बाणही थिजला असेल, तरच ते खरोखर अडकलंय असं समजा.

आणि एक चौथा, जो तांत्रिक नाही: कालपासून आजपर्यंत काय बदललं? लाइट गेली होती का, नवा मॉनिटर लावला का, राउटर बदलला का, कोणी फुकटचं पीडीएफ जोडायचं सॉफ्टवेअर टाकलं का, विंडोजचं अपडेट झालं का? निम्मं निदान या उत्तरात असतं. लोक याचं उत्तर ‘काहीच नाही’ असं देतात, तेव्हा शेजारच्या टेबलावर विचारावं.

बाण दिसत नसेल तर

बाण नाही पण दिवा लागतो, तर बहुधा चित्र भलतीकडे जात असतं. लॅपटॉप काल मीटिंगमध्ये प्रोजेक्टरला जोडला होता आणि ‘फक्त दुसरी स्क्रीन’ असं ठेवून बंद केला, की दुसऱ्या दिवशी असं होऊ शकतं. आधी जादा मॉनिटर, डॉक, एचडीएमआयची केबल काढून बघा. मग विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबा. त्याने चित्र कोणत्या स्क्रीनवर दाखवायचं याचे पर्याय येतात. ते दिसत नसले तरी बाणाच्या बटणाने एकेक पर्याय पुढे सरकत एंटर दाबता येतं. दर वेळी काही सेकंद थांबावं.

तेवढ्याने झालं नाही तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकत्र दाबा. त्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर पुन्हा सुरू होतो. स्क्रीन क्षणभर लुकलुकते, बहुतेक वेळा एक बारीक ‘बीप’ येतो. उघड्या फाइलींना धक्का लागत नाही. म्हणून हा उपाय पॉवरच्या बटणाच्या कितीतरी आधी करायचा.

बाण दिसत असेल तर

आधी थांबा. चहा घेऊन या. मोठ्या अपडेटनंतरच्या पहिल्या लॉगिनला किंवा नेटवर्क ड्राइव्ह अडला असताना दहा मिनिटं जाऊ शकतात. ही दहा मिनिटं वाया गेली असं वाटतं, पण त्यात काही बिघडत नाही.

मग नेटवर्कची केबल काढा. लॅपटॉप असेल तर पासवर्डच्या स्क्रीनवरच कोपऱ्यात वाय-फायचं चिन्ह असतं, तिथून ते बंद करून लॉगिन करून बघा. डेस्कटॉप लगेच आला, तर दोष तुमच्या मशीनमध्ये नाही. पलीकडे काहीतरी बंद आहे: सर्व्हर, स्टोरेज, स्विच. घरून काम करणाऱ्यांच्या बाबतीत ऑफिसची व्हीपीएन जोडलेली नसल्यामुळेही हेच होऊ शकतं.

नाही आला, तर कंट्रोल, ऑल्ट, डिलीट. एक निळसर किंवा काळी स्क्रीन येते, तिच्यावर चार-पाच ओळी असतात. ही स्क्रीन आली हीच चांगली खूण. त्यातून टास्क मॅनेजर उघडा, ‘रन न्यू टास्क’ शोधा (जुन्या विंडोजमध्ये तो फाइल मेनूत असतो), चौकटीत एक्सप्लोररचं इंग्रजी नाव टाका आणि एंटर दाबा. पुष्कळदा डेस्कटॉप तिथल्या तिथे उभा राहतो. आला, की आधी महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे कॉपी करून घ्या, मग पुढचा तपास.

रोजच असं हाताने सुरू करावं लागत असेल, तर लॉगिननंतर काय सुरू करायचं ही विंडोजची नोंद बिघडलेली असू शकते. काही व्हायरसही तीच नोंद बदलतात. तिथे हौशी माणसाने हात घालू नये. एक्सप्लोरर येतो आणि लगेच कोसळतो असं होत असेल, तर नुकतं टाकलेलं एखादं सॉफ्टवेअर त्यात लुडबुड करत असतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १००० क्रमांकाची नोंद बघितली तर कोणती फाइल कोसळली तिचं नाव मिळतं. ते नाव टिपून ठेवा. दुरुस्तीला येणाऱ्याचं निम्मं काम होतं.

रीस्टार्ट करायचंच असेल तर त्याच कंट्रोल-ऑल्ट-डिलीटच्या स्क्रीनवर खाली उजव्या कोपऱ्यात पॉवरचं चिन्ह असतं, तिथून करा. ‘शटडाउन करून पुन्हा लावलं, तरी तेच’ असं पुष्कळ जण सांगतात. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, तो डिस्कवर साठवून ठेवला जातो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने उघडतं. पॉवरचं बटण दाबून धरणं हा उपाय दिवा, बाण, कंट्रोल-ऑल्ट-डिलीट हे तिन्ही मेले असतील तेव्हाचा.

सेफ मोडच्या आधी

कॉम्प्युटरवर दुसरं खातं असेल तर त्याने लॉगिन करून बघा. तिथे सगळं ठीक असेल तर बिघाड तुमच्या प्रोफाइलचा. तिथेही काळोख असेल तर ड्रायव्हर, अपडेट किंवा अँटिव्हायरस यांच्याकडे बघायचं. पासवर्डच्या स्क्रीनवरून शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट केलं, की दुरुस्तीचा मेनू येतो. त्यातून सेफ मोडमध्ये जाता येतं, शेवटचं अपडेटही काढता येतं.

पण थांबा. ऑफिसच्या लॅपटॉपवर बहुधा बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप, असतं. या वाटेने गेल्यावर ते ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती हाताशी नसेल तर उघडणारं मशीनही बंद होऊन बसू शकतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं कोसळली. तेव्हाची स्क्रीन निळी होती आणि लॉगिनच्या आधीची, पण धडा आपल्या कामाचा आहे. इलाज साधा होता: सेफ मोडमध्ये जाऊन सदोष फाइल पुसायची. त्यासाठी फॉरमॅट लागत नव्हता. तरीही अनेक ठिकाणी ४८ आकडे शोधण्यात वेळ गेला. ही की ऑफिसच्या अ‍ॅडमिनकडे किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते. ती आजच, सगळं ठीक चालू असताना, कुठे आहे ते बघून ठेवा.

आणि प्रत्येक वेळी अपडेटला शिव्या घालू नका. नोव्हेंबर २००९ मध्ये प्रेव्हेक्स या सुरक्षा कंपनीने लॉगिननंतरच्या काळ्या स्क्रीनचं खापर मायक्रोसॉफ्टच्या ताज्या अपडेटवर फोडलं. बातम्या जगभर झाल्या. मायक्रोसॉफ्टने तपास करून ते नाकारलं आणि काही दिवसांतच प्रेव्हेक्सला माफी मागावी लागली. ज्यांचा धंदाच हा, तेही घाईत चुकले. अपडेट काढल्यावर डेस्कटॉप आला आणि पुन्हा टाकल्यावर गेला, तरच त्याला जबाबदार धरा.

मोठ्या कंपनीत असाल तर सेफ मोडपासून पुढचं काहीच स्वतः करू नका. मशीन कंपनीचं, परवानगीही तिचीच. हेल्पडेस्कला फोन करताना ‘चालत नाही’ असं न सांगता एवढं सांगा: “पासवर्ड घेतला, बाण हलतोय, टास्क मॅनेजर उघडतोय, केबल काढून पाहिली, काल संध्याकाळी अपडेट झालं.” या एका वाक्याने तुमचा अर्धा तास वाचतो.

ओका डेस्कटॉप दिसला तर

काळोखानंतर डेस्कटॉप आला पण रिकामा आला, तर हर्षही नको आणि रडूही नको. विंडोज आणि ई दाबून सी ड्राइव्हमधलं यूजर्स फोल्डर उघडा. तिथे टेम्प नावाचं फोल्डर नव्याने दिसत असेल तर तुम्ही तात्पुरत्या प्रोफाइलमध्ये आहात. तुमच्या नावाचं फोल्डर शेजारीच असेल, जुन्या फाइली त्यात असतील. परवानगी मिळाली तर त्या तिथून कॉपी करून घ्या. या अवस्थेत डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स या तिन्ही ठिकाणी काहीही ठेवू नका. काम अडलंच असेल तर पेन ड्राइव्हवर किंवा नेटवर्कवर सेव्ह करा आणि स्वतःला एक मेलही टाका. मगच रीस्टार्ट. बऱ्याचदा एका नीट केलेल्या रीस्टार्टने मूळ प्रोफाइल परत येतं. नाही आलं, तर जाणकाराला बोलवा.

आम्ही त्यानंतर तीन गोष्टी केल्या. स्टोरेजच्या डब्याला चांगला यूपीएस दिला आणि लाइट आल्यावर तो आपण होऊन सुरू व्हावा अशी त्याची सेटिंग केली. ‘स्क्रिप्ट संपेपर्यंत डेस्कटॉप दाखवू नको’ ही अट काढून टाकली. आता झेड ड्राइव्ह जोडला गेला नाही तरी डेस्कटॉप येतो आणि फक्त टॅलीचा डेटा उघडत नाही, म्हणजे दोष कुठे आहे ते आपोआप कळतं. प्रत्येक मशीनवर एक जादा अ‍ॅडमिन खातं केलं आणि त्याचा पासवर्ड व रिकव्हरी की कागदावर लिहून सीए सरांच्या कपाटात ठेवल्या. डेस्कटॉपवर फाइली न ठेवण्याचा नियमही केला होता. तो फारसा कोणी पाळत नाही, म्हणून रोज संध्याकाळी डेस्कटॉपची कॉपी आपोआप डब्यात जाईल अशी सोय केली.

फॉरमॅट मारायची वेळ कधी येतच नाही असं नाही. डिस्क खराब झाली, व्हायरसने पोखरलं, तर येते. पण त्याआधी यूजर्सचं अख्खं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी व्हायला हवं, ज्याच्या फाइली आहेत त्याने त्यातल्या चार-दोन उघडून बघायला हव्यात आणि ‘हो, सगळं आलं’ असा मेसेज त्याने स्वतः पाठवायला हवा. दुकानातला मुलगा घाईत असला तरी हा मेसेज येईपर्यंत त्याला कीबोर्डला हात लावू देऊ नका.